बूट फायली जुन्या हार्डडिस्कवर, विंडोज नव्या एसएसडीवर: हलवायच्या कशा?

कोथरूड_डेपो

घरचा डेस्कटॉप. ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी आहे, तिच्यावर विंडोज ११. जोडीला १ टीबीची जुनी साटा हार्डडिस्क, तिच्यावर नुसते फोटो आणि कागदपत्रं. क्रिस्टलडिस्कइन्फो हार्डडिस्कला पिवळं 'कॉशन' दाखवतंय, पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे तुकडे) २४. म्हणून ती काढायची आहे. पण तिची केबल काढली की पीसी चालू होत नाही, बूट करण्याजोगं काही सापडलं नाही एवढंच पडद्यावर येतं. केबल परत लावली की सगळं सुरळीत.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये असं दिसतं:

डिस्क ० (९३१ जीबी): सुरुवातीला १०० एमबी ईएफआय सिस्टिम पार्टिशन, बाकी सगळी डी:
डिस्क १ (४७६ जीबी): सी:, आणि शेवटी साधारण ७५० एमबी रिकव्हरी

विंडोज पुन्हा न टाकता हे सुटेल का? सी: वर मराठी डीटीपीचं सॉफ्टवेअर आहे, ते परत बसवायचं जिवावर येतं.

मुठाकाठ

सुटेल. अर्ध्या तासाचं काम आहे, त्यातली वीस मिनिटं खात्री करण्यात जातात.

झालं असं की विंडोज टाकताना दोन्ही डिस्क जोडलेल्या होत्या. हार्डडिस्कवर आधीच्या विंडोजचं ईएफआय पार्टिशन (बूट फायलींचं छोटं पार्टिशन, पुढे नुसतं 'ईएसपी' म्हणतो) होतं. सेटअपला कुठल्याही डिस्कवर तयार ईएसपी दिसलं की तो तेच वापरतो, नवं करत नाही. त्यामुळे घर एसएसडीवर आणि किल्ली जुन्या हार्डडिस्कवर. नव्या एसएसडीवर विंडोज टाकताना बाकीच्या डिस्कच्या केबल काढून ठेवा असं सांगतात ते याचसाठी.

नावांचा एक घोळ आधीच सांगतो, कारण पुढे त्यावरच खात्री करायची आहे. विंडोजच्या भाषेत ज्या पार्टिशनवर बूट फायली असतात त्याला 'सिस्टिम' म्हणतात, आणि जिथे विंडोजची सिस्टिम असते त्या सी: ला 'बूट'. उलटं आहे, पण वर्षानुवर्षं तसंच चालत आलंय.

अर्धा_कप

एवढा खटाटोप कशाला? एसएसडीवर १०० एमबीचं फॅट३२ पार्टिशन करा, जुन्यातलं ईएफआय फोल्डर कॉपी करून त्यात टाका. झालं.

मुठाकाठ

@अर्धा_कप, फायली जातील, बूट होईलच असं नाही. बूट होण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. एक, ईएसपीवर 'बूटएमजीएफडब्ल्यू.ईएफआय' ही फाइल. दोन, तिच्या शेजारी बीसीडी नावाची छोटी नोंदवही: विंडोज कुठल्या पार्टिशनवर आहे आणि बूट मॅनेजर स्वतः कुठल्या पार्टिशनवर आहे हे तिच्यात लिहिलेलं असतं, आणि तेही अक्षराने नव्हे तर डिस्क आणि पार्टिशन यांच्या ओळखक्रमांकांनी. तीन, मदरबोर्डच्या स्मृतीत 'विंडोज बूट मॅनेजर' नावाची नोंद, जी त्या ईएसपीच्या ओळखक्रमांकाकडे बोट दाखवते.

फोल्डर कॉपी केलं की पहिली गोष्ट येते. दुसरीतला बूट मॅनेजरचा पत्ता जुन्याच हार्डडिस्कचा राहतो. तिसरी जागची हलत नाही. हार्डडिस्क जोडलेली असेपर्यंत सगळं चालतं, म्हणून वाटतं की जमलं. काढली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

म्हणून हलवायचं नाही, एसएसडीवर नव्याने घडवायचं. त्याला 'बीसीडीबूट' ही कमांड विंडोजमध्येच असते. ती सी:\विंडोज\बूट मधून फायली घेते आणि बीसीडी साच्यातून नवी बनवते. जुन्या हार्डडिस्कवरून काहीही वाचावं लागत नाही. तुमच्यासाठी हे फार महत्त्वाचं, कारण ती डिस्क आजारी आहे.

बायोसवाली

कमांड देण्याआधी चार गोष्टी बघून घ्या, नाहीतर मधेच अडकाल.

डेटा. आधी डी: वरचे फोटो बाहेर काढा, बूटचं नंतर. पेंडिंग सेक्टर असलेल्या डिस्कवरून एक्सप्लोररने ओढून कॉपी केली तर एका खराब फाइलवर सगळं थांबतं. विंडोजमधलीच रोबोकॉपी ही कॉपीची कमांड वापरा, पण /आर:१ /डब्ल्यू:१ देऊनच. हे दिलं नाही तर एकेका फाइलसाठी ती दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून प्रयत्न करते. पुढच्या गणेशोत्सवापर्यंत बसाल.

बायोस मोड. विंडोज आणि आर दाबून 'एमएसइन्फो३२' चालवा. 'बायोस मोड' समोर यूईएफआय (पीसी सुरू करायची नवी पद्धत) हवं. तिथे लेगसी (जुनी पद्धत) असेल तर पुढची कृती तुमच्यासाठी नाही. तुमच्याकडे ईएफआय पार्टिशन दिसतंय म्हणजे यूईएफआयच असणार, तरी बघा.

बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन. होम आवृत्तीतही 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' नावाने तो गुपचूप चालू असू शकतो. कमांड प्रॉम्प्ट 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून' उघडून
मॅनेज-बीडीई -स्टेटस सी:
संरक्षण चालू दिसलं तर आधी ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहा. (त्याच पीसीच्या डेस्कटॉपवर नोटपॅडमध्ये नाही.) मग
मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -डिसेबल सी: -रीबूटकाउंट ०
शेवटचा शून्य विसरू नका. त्याच्याशिवाय एका रिस्टार्टनंतर संरक्षण आपोआप चालू होतं, आणि तुम्हाला तर दोन-तीनदा रिस्टार्ट करावं लागणार आहे. काम संपलं की डिसेबलच्या जागी एनेबल, तेव्हा शून्याची शेपूट लागत नाही.

डी: वर काय काय टांगलेलं आहे. पेजफाइल, डॉक्युमेंट्स फोल्डर, वनड्राइव्ह यांपैकी काही डी: वर वळवलं असेल तर आधी सी: वर आणा.

आणि आज बुधवार. उद्या गुरुवार आहे, दुरुस्तीसाठी तुमच्या भागात वीज जाणार असेल तर यूपीएसवर विसंबू नका, परवा करा.

मुठाकाठ

आता प्रत्यक्ष कृती. इथे कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये. जागा जिथे दिसते तिथेच सोडा, बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना अजिबात नको.

अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये

डिस्कपार्ट
लिस्ट डिस्क

एसएसडीच्या ओळीत शेवटच्या 'जीपीटी' रकान्यात चांदणी हवी (जीपीटी म्हणजे यूईएफआयसाठीची डिस्कची मांडणी). नसेल तर थांबा आणि इथे लिहा. असेल तर

सिलेक्ट डिस्क १
डिटेल डिस्क

दुसरी ओळ कंटाळा न करता द्या. डिस्कचं मॉडेल दिसतं. डिस्कचे क्रमांक कायमचे नसतात, रिस्टार्टनंतर ० आणि १ अदलाबदल झालेले पाहिले आहेत. मॉडेल एसएसडीचंच आहे हे वाचल्यावर

सिलेक्ट व्हॉल्यूम सी
श्रिंक डिझायर्ड=३२०
क्रिएट पार्टिशन ईएफआय साइझ=३००
फॉरमॅट क्विक एफएस=फॅट३२ लेबल=सिस्टिम
असाइन लेटर=झेड
लिस्ट व्हॉल्यूम
एक्झिट

सी: आकसून ३२० एमबी घेतले आणि त्यातले ३०० वापरले, कारण तंतोतंत मापात कधीकधी जागा पुरत नाही असं म्हणून पार्टिशन होत नाही. नवं ईएसपी सी: आणि रिकव्हरी यांच्या मधे बसेल. चालतं. ईएसपी डिस्कच्या सुरुवातीलाच हवं असा नियम नाही.

मग डिस्कपार्टच्या बाहेर

बीसीडीबूट सी:\विंडोज /एस झेड: /एफ यूईएफआय

'बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड' आलं की पीसी पूर्ण बंद करा. शिफ्ट दाबून शटडाउन, म्हणजे फास्ट स्टार्टअप मधे येत नाही. पाठीमागचा वीजपुरवठ्याचा खटका बंद, हार्डडिस्कची डेटा आणि पॉवर दोन्ही केबल बाहेर. चालू करा.

डिस्कपार्टमधे 'क्लीन' हा शब्द कुठल्याही व्हिडिओत दिसला तरी लिहू नका. निवडलेली अख्खी डिस्क तो पुसतो आणि 'नक्की ना?' असंही विचारत नाही.

निगडी_लोकल

३०० एमबी का? विंडोज स्वतः तर १०० करतं.

मुठाकाठ

दोन कारणं. फॅट३२ म्हणायचं तर त्यात किमान ६५,५२५ क्लस्टर (फायली साठवायचे ठोकळे) लागतात. ज्या डिस्कचा सेक्टर खरोखर ४ केबीचा असतो तिथे एक क्लस्टर ४ केबीपेक्षा लहान होऊच शकत नाही, म्हणजे झाले जवळपास २५६ एमबी. म्हणूनच अशा डिस्कसाठी किमान २६० एमबी सांगितलेले असतात. ५१२ बाइटच्या सेक्टरवर १०० एमबी भागतात.

दुसरं, काही कंपन्यांचे बायोस अपडेट आपल्या फायली ईएसपीवरच ठेवतात. बूट मॅनेजरचे फाँट आणि भाषांची फोल्डरं तिथेच. १०० एमबी भरलं की विंडोजचं मोठं अपडेट 'सिस्टिम रिझर्व्हड पार्टिशन अपडेट करता आलं नाही' म्हणून अडून बसतं. नंतर ईएसपी वाढवणं कटकटीचं, आत्ताच दोनशे एमबी जास्त दिलेले बरे.

कोथरूड_डेपो

फोटो काढून झाले. डिव्हाइस एन्क्रिप्शन चालूच निघालं, बायोसवाली ताई, धन्यवाद. की कागदावर लिहिली.

कृती केली पण शेवटी अडलं. बीसीडीबूट म्हणतं 'फेल्युअर व्हेन अटेम्प्टिंग टू कॉपी बूट फाइल्स'. लिस्ट व्हॉल्यूम असं:

व्हॉल्यूम ० – सी – एनटीएफएस – ४७५ जीबी – बूट
व्हॉल्यूम १ – (अक्षर नाही) – एनटीएफएस – ७५० एमबी – हिडन
व्हॉल्यूम २ – डी – एनटीएफएस – ९३१ जीबी
व्हॉल्यूम ३ – (अक्षर नाही) – फॅट३२ – १०० एमबी – सिस्टिम
व्हॉल्यूम ४ – झेड – रॉ – ३०० एमबी – हिडन

बायोसवाली

उत्तर तुमच्याच पाचव्या ओळीत आहे. झेड समोर 'रॉ' आहे, फॅट३२ नाही. म्हणजे पार्टिशन झालं, अक्षर मिळालं, पण फॉरमॅट झालंच नाही. वर सरकवून बघा, फॉरमॅटच्या ओळीखाली 'दिलेले पर्याय चुकीचे आहेत' अशा अर्थाचं काही आलं असेल.

कोथरूड_डेपो

बरोबर. 'फॅट' आणि '३२' मधे जागा सोडली होती. पुढच्या ओळी चालल्या म्हणून लक्षात आलं नाही.

बायोसवाली

डिस्कपार्ट चुकलेल्या ओळीवर थांबत नाही, पुढची ओळ निमूट घेतो. म्हणून एकेक ओळ, आणि दर ओळीनंतर उत्तर वाचायचं. आता डिस्कपार्टमधे 'सिलेक्ट व्हॉल्यूम ४', मग फॉरमॅटची ओळ नीट, मग बाहेर येऊन बीसीडीबूट.

हाच संदेश येण्याची बाकीची कारणंही लिहून ठेवते, पुढे येणाऱ्यांच्या कामी येतील. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडलेला नसणं. झेड अक्षर रिस्टार्टमुळे उडालेलं असणं. पेनड्राइव्हवरून चालवताना सी: म्हणजे वेगळंच पार्टिशन असणं. आणि जुन्या विंडोजच्या पेनड्राइव्हवरचं बीसीडीबूट नव्या विंडोजवर चालवणं. तेव्हा सरळ सी:\विंडोज\सिस्टिम३२ मधलं बीसीडीबूट पूर्ण पत्ता देऊन चालवावं.

कोथरूड_डेपो

झालं, 'सक्सेसफुली' आलं. केबल काढायच्या आधी एक शंका. केबल काढली आणि चालू झालंच नाही तर?

मुठाकाठ

केबल परत लावायची. आपण जुन्या ईएसपीला हातही लावलेला नाही, तिथून पूर्वीसारखंच चालू होईल. म्हणून तर या पद्धतीत काही मोडत नाही.

पहिल्यांदा चालू करताना बूट मेनूत जा: असूसच्या बोर्डला एफ८, एमएसआय आणि अ‍ॅसरॉक एफ११, गिगाबाइट, डेल आणि लेनोवो एफ१२, एचपी एफ९. तिथे एसएसडीच्या नावासह 'विंडोज बूट मॅनेजर' दिसायला हवा. मदरबोर्डच्या स्मृतीतली नोंद बीसीडीबूटने केलीच असेल असं गृहीत धरू नका. नोंद नसली तर बहुतेक बोर्ड ईएसपीवरची \ईएफआय\बूट\बूटएक्स६४.ईएफआय ही पर्यायी फाइल शोधून काढतात, मग मेनूत 'यूईएफआय ओएस' किंवा नुसतं एसएसडीचं मॉडेल दिसतं. तेही चालेल. एकदा विंडोज उघडलं की तीच बीसीडीबूटची ओळ पुन्हा द्या (झेड अक्षर परत लावून), नोंद सहसा जागेवर येते.

अर्धा_कप

मी यूट्यूबवर बघितलं की बूटरेक /फिक्सएमबीआर आणि /फिक्सबूट द्यायचं. ते का नाही सांगत कुणी?

बायोसवाली

कारण ते लेगसी जगातलं औषध आहे. फिक्सएमबीआर डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधला कोड लिहितो; यूईएफआय तो कोड वाचतच नाही. फिक्सबूट यूईएफआय मशीनवर बऱ्याचदा 'अ‍ॅक्सेस इज डिनाइड' म्हणतो आणि लोक तासभर त्याच्याशी भांडत बसतात. डोकं दुखतंय आणि बाम गुडघ्याला.

स्टार्टअप रिपेअरही इथे उपयोगाचा नाही. फायली बिघडल्या असतील तर तो दुरुस्त करतो, पण ईएसपीच नसेल तर ते नव्याने करत नाही.

तपकीर_गल्ली_फेरी

एक धोक्याची सूचना, कारण हे वाचून कुणीतरी जुन्या मशीनवर करायला जाईल. इंटेलचे साधारण ८-सिरीज आणि त्याआधीचे बोर्ड (चौथ्या पिढीच्या प्रोसेसरपर्यंत) मुळात एनव्हीएमईवरून बूट करत नाहीत. ९-सिरीजच्या काही बोर्डांना बायोस अपडेटने ते येतं, १०० सिरीजपासून पुढे काळजी नाही. अशा जुन्या बोर्डावर तीनचारशे रुपयांचं पीसीआय एक्सप्रेस कार्ड घालून एनव्हीएमई लावतात, ती विंडोजमध्ये छान दिसते, पण बायोसला दिसत नाही. तिथे ईएसपी साटा डिस्कवर ठेवणं ही चूक नसून तोच उपाय आहे. तो 'दुरुस्त' करायला गेलात तर चालतं मशीन बंद पडेल.

म्हणजे आधी बायोसच्या बूट यादीत एनव्हीएमई दिसते का ते बघायचं. नसेल तर मोठी हार्डडिस्क काढून छोटी साटा एसएसडी लावा आणि ईएसपी तिच्यावर करा. कृती तीच, फक्त झेड दुसऱ्या डिस्कवर.

निगडी_लोकल

आमच्या भोसरीच्या वर्कशॉपमधे दोन पीसी अजून विंडोज १० वर आहेत, एमएसइन्फो३२ मधे लेगसी. एकावर १२० जीबी साटा एसएसडीवर सी: आणि 'सिस्टिम रिझर्व्हड' (लेगसीतलं बूट फायलींचं पार्टिशन) मात्र जुन्या ३२० जीबी हार्डडिस्कवर. एमबीआर२जीपीटी (डिस्क जुन्या एमबीआर मांडणीतून जीपीटीत नेणारी कमांड) चालवलं तर व्हॅलिडेशनच नापास होतं. गुरुवारी सुट्टी असते तेव्हाच हात घालता येतो.

मुठाकाठ

नापास होणारच. एमबीआर२जीपीटीला अ‍ॅक्टिव्ह सिस्टिम पार्टिशन त्याच डिस्कवर लागतं. तुमचं दुसऱ्या डिस्कवर आहे. म्हणून क्रम असा: आधी लेगसीतच बूट फायली सी: वर आणायच्या, मग जीपीटी.

लेगसीला वेगळं पार्टिशन लागत नाही, सी: वरच ठेवता येतात:

बीसीडीबूट सी:\विंडोज /एस सी: /एफ बायोस

मग डिस्कपार्टमधे एसएसडी निवडून, सी: चं पार्टिशन निवडून 'अ‍ॅक्टिव्ह'. ती एसएसडी आधी कधीच बूट झालेली नसेल तर
बूटसेक्ट /एनटी६० सी: /एमबीआर
हेही द्या. पीसी बंद, हार्डडिस्कची केबल बाहेर, बायोसमधे एसएसडी पहिली. विंडोज एकट्या एसएसडीवरून उघडलं की

एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /डिस्क:० /अलाउफुलओएस

पास झालं तर व्हॅलिडेटच्या जागी कन्व्हर्ट. ईएसपी तो स्वतःच करतो. त्यानंतर बायोसमधे सीएसएम (लेगसी बूटची सोय) बंद करून यूईएफआय. हे केलं नाही तर पीसी उठणार नाही आणि रूपांतर फसलं असं वाटेल. प्राथमिक पार्टिशनं तीनपेक्षा जास्त नकोत, लॉजिकल एकही नको. ही कमांड विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून आहे.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, हे करताय तर प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) बघून ११ चाही विचार करा.

अर्धा_कप

आणि क्लोन (हुबेहूब नक्कल) केलेल्या डिस्कचं काय? माझ्या भाच्याने क्लोन केली, दोन्ही जोडल्या की नवी 'ऑफलाइन' दिसते.

तपकीर_गल्ली_फेरी

क्लोनमधे ओळखक्रमांकसुद्धा जसाच्या तसा कॉपी होतो. एकाच ओळखीच्या दोन डिस्क दिसल्या की विंडोज एकीला ऑफलाइन ठेवतं. ऑनलाइन केलीत की तिचा क्रमांक बदलतो, आणि बीसीडीतला पत्ता चुकतो. मग तिच्यावरून बूट करताना ०एक्ससी००००००ई किंवा ०एक्ससी००००२२५ ही एरर येते. म्हणून क्लोन झाल्यावर पहिला बूट जुनी डिस्क काढूनच करायचा. चूक होऊन गेलीच असेल तर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून तिच्याच ईएसपीवर बीसीडीबूट.

पेनड्राइव्हवर सेटअपचा पहिला पडदा आला की शिफ्ट आणि एफ१० दाबा, कमांड प्रॉम्प्ट उघडतो. तिथे सी: म्हणजे तुमचं सी: असेलच असं नाही. डीआयआर सी:\ , डीआयआर डी:\ करत 'विंडोज' आणि 'यूझर्स' फोल्डर कुठे आहेत ते शोधा. एक्स: दिसेल, ते पेनड्राइव्हवरचं तात्पुरतं विंडोज, त्याच्याकडे दुर्लक्ष. समजा तुमचं विंडोज डी: वर सापडलं, तर कमांडमधे डी:\विंडोज.

विठ्ठलवाडी_बस

माझ्याकडे विंडोजबरोबर उबुंटूही आहे आणि दोघांचं ईएसपी त्याच जुन्या हार्डडिस्कवर. दादा, मुठाकाठ यांच्या कृतीने उबुंटूही येईल का?

बायोसवाली

नाही. बीसीडीबूटला उबुंटू माहीतच नाही. विंडोजचं झालं की हार्डडिस्क काढायच्या आधी उबुंटू उघडा. उबुंटूच्या जुन्या इन्स्टॉलरची खोडच आहे की तुम्ही कुठलीही डिस्क निवडा, ग्रब (उबुंटूचा बूट मॅनेजर) पहिल्या डिस्कच्या ईएसपीवर जातो, त्यामुळे ही तक्रार नवी नाही.

नवं ईएसपी कुठलं ते बघा: 'एलएसबीएलके' ने आकार, 'एलएसबीएलके -एफ' ने फाइल सिस्टिम. फॅट३२ आणि ३०० एमबी म्हणजे आपलं. जुनं ईएसपी /बूट/ईएफआय वरून अनमाउंट करून नवं तिथे माउंट करा. मग

सुडो ग्रब-इन्स्टॉल --टार्गेट=एक्स८६_६४-ईएफआय --ईएफआय-डिरेक्टरी=/बूट/ईएफआय
सुडो अपडेट-ग्रब

इथवर सगळे करतात. राहतं ते हे: /ईटीसी/एफएसटॅब मधे /बूट/ईएफआय च्या ओळीत जुन्या ईएसपीची यूयूआयडी (ओळखक्रमांक) असते. ती बदलली नाही तर हार्डडिस्क काढल्यावर उबुंटू दीड मिनिट वाट बघतो आणि इमर्जन्सी मोडमधे जाऊन बसतो. 'बीएलकेआयडी' ने नवी यूयूआयडी काढा. फॅटची असल्याने ती छोटी, चार-डॅश-चार अशी असते. शेवटी 'ईएफआयबूटएमजीआर -व्ही' मधे उबुंटूची नोंद नव्या पार्टिशनची आहे का बघा.

कोथरूड_डेपो

केबल काढली. पहिल्या फटक्यात चालू झालं, बूट मेनूत एसएसडीच्या नावाने विंडोज बूट मॅनेजर होता. आता लिस्ट व्हॉल्यूममधे ३०० एमबीच्या फॅट३२ समोर 'सिस्टिम' आणि सी: समोर 'बूट'. डीटीपी सॉफ्टवेअरही उघडलं, परवाना मागितला नाही.

मुठाकाठ

'सिस्टिम' हा शब्द ३०० एमबीसमोर आला हीच खरी खात्री. विंडोजचं सक्रियकरणही जात नाही, ते मदरबोर्डशी बांधलेलं असतं. काही जुनी सॉफ्टवेअरं मात्र परवाना डिस्कच्या अनुक्रमांकाशी बांधतात, तुमचं त्यातलं नाही हे बरं.

आता बिटलॉकर एनेबल करा. आणि 'रीएजंटसी /इन्फो' देऊन बघा, रिकव्हरी 'एनेबल्ड' असायला हवी. नसेल तर 'रीएजंटसी /एनेबल'.

कोथरूड_डेपो

एनेबल्ड आहे. शेवटचं: हार्डडिस्क बाहेरच्या केसमधे घालून कधीमधी लावेन. तिच्यावरचं जुनं ईएसपी पुसायचं का? आणि झेड ड्राइव्ह आता एक्सप्लोररमधे दिसत नाही, ते ठीक ना?

बायोसवाली

झेड दिसत नाही हे उत्तमच, ईएसपीला अक्षर नसलेलंच चांगलं.

जुनं ईएसपी पडून राहिलं तर त्रास नाही. एवढंच की डिस्क लावलेली असताना रिस्टार्ट केलंत तर काही बोर्ड तिच्यावरून बूट करायला जातात, आणि आजारी डिस्कवर बूट अडकून पडतं. पुसायचंच असेल तर डिस्कपार्टमधे ती डिस्क निवडून, डिटेल डिस्कने मॉडेल वाचून, १०० एमबीचं पार्टिशन निवडून 'डिलीट पार्टिशन ओव्हरराइड'. ओव्हरराइड नसेल तर संरक्षित पार्टिशन म्हणून नकार देतो. ते १०० एमबी डी: ला जोडायच्या भानगडीत पडू नका, ते डी: च्या आधी आहेत आणि विंडोज पार्टिशन डिस्कच्या सुरुवातीच्या दिशेने वाढवत नाही.